दांडी उभी होती

१९ ऑक्टोबर

बारक्या,

आठ वर्षांनी तुझा पत्ता हाती आला, तोही खोक्याच्या फळीवर रंगाने छापलेला. वर कारखान्याचं नाव आणि खाली ‘पाठवणार’ म्हणून तुझी सही. सहीच्या शेवटी ती लांब शेपटी अजून काढतोस. आत चिठ्ठी असेल म्हणून मी दोन फळ्या उचकटून पाहिल्या. शेगडी होती, पेंढा होता, ती कशी बसवायची त्याचं पुस्तक होतं. चिठ्ठी नव्हती.

तर शेगडी पोचली, हे कळवण्यासाठी हे पत्र.

चार हमालांनी ती जिन्याखाली आणून ठेवली. अण्णा खिडकीतून बघत होते. कुणी पाठवली ते मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. फक्त म्हणाले, ‘‘पत्रा पातळ आहे.’’ बंद खोक्याकडे बघून! त्यांच्या अंगातला लोहार काही जायचा नाही.

नगरपालिकेचा नियम तुमच्या कारखान्यात कळलाच असेल. लाकडाच्या जुन्या शेगड्या वर्ष संपायच्या आत काढायच्या, कमी धुराच्या नव्या बसवायच्या. आमच्या दारावर नोटीस चिकटवून महिना झाला. अण्णा तिच्यावरून नजर फिरवून आत-बाहेर करतात, जणू कुणी भिंतीला गिलावा केलाय. त्यांचं म्हणणं एकच : ‘‘माझ्या हातची शेगडी माझ्या घरात राहणार. कुणी हात लावायचा नाही.’’ ज्या शेगडीवरून तू घर सोडलंस, तिच्यासाठी हा माणूस दंड भरायला तयार आहे. मी दोन शेगड्यांच्या मध्ये सापडले आहे. एक जिन्याखाली, एक भिंतीशी.

पुस्तकातलं मला सगळं कळलं नाही, म्हणून विचारते. तुझ्या शेगडीत लाकूड किती वेळ टिकतं? काच काळी पडते का? आणि धुराड्याच्या नळीत जशी आपल्याकडे झडप आहे, तशी यात आहे का? असली तर ती पूर्ण बंद होते का? म्हणजे कुणी चुकून केलीच, तर.

तुला भाची आहे. सहा वर्षांची. तिला चिमी म्हणतो. तिचा बाबा ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा घरी असतो. मी चष्म्याच्या दुकानात आहे. अण्णांची तब्येत बरी आहे.

ताई


२ नोव्हेंबर

बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. मोजून सात ओळी, त्यातल्या चार लाकडाबद्दल. ते ठीक. मी लिहिलं तेही काही फार नव्हतं.

झडपेबद्दल तू लिहिलंस की नव्या शेगडीत ती पूर्ण बंद होऊच शकत नाही, कारखान्यातूनच तशी अडवलेली असते. पुढे लिहिलंस, ‘पण हे तू का विचारतेस? आई धूर कोंडून गेली त्या दिवशी झडप उघडीच होती. तपासनिसाने स्वतः पाहिलं होतं. दोष सांध्यात होता. ज्याने सांधा केला त्याने तो मान्यही केला.’

का विचारते? सहज विचारलं. घरात लहान मूल आहे.

एक गोष्ट मी मागच्या पत्रात खोटी लिहिली. अण्णा बरे नाहीत. सप्टेंबरात त्यांना झटका आला. तोंड सावरलं, पाय ओढत का होईना चालतात, पण उजवा हात गेला. नुसता लोंबतो. शर्टाचं बटण मी लावते तेव्हा भिंतीकडे बघत उभे राहतात. कामाच्या शेडला कुलूप आहे. तू गेल्यावर त्यांनी शेगड्या करणं सोडलंच होतं. लोकांनी घेतलेल्या परत आणून टाकल्या, नवी कुणी मागितली नाही. मग फाटकं करायचे, खिडक्यांच्या जाळ्या करायचे. आता तेही नाही.

हे तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. आणि तू चुकून धावत आलास तर काय बोलायचं, ते मलाही सुचत नव्हतं.

अडचण अशी आहे. या आठ वर्षांत ती शेगडी अण्णांशिवाय कुणी पेटवलेली नाही. लाकूड ते घालायचे, राख ते काढायचे, झडपेची दांडी ते फिरवायचे. मी पुढे झाले की म्हणायचे, ‘‘तू सर. तुला जमायचं नाही.’’ सुरुवातीला मला राग यायचा, मग सवय झाली. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं. आता थंडी पडली आहे आणि पेटवणारं कुणी नाही. मी विजेचा हीटर आणला. तो लावला की दिवे जातात. चिमी खोकते. परवा अण्णांनी डाव्या हाताने पेटवायला घेतली आणि मनगट भाजून घेतलं.

तू म्हणशील, तू पेटव ना, चौतीस वर्षांची बाई आहेस.

पेटवीन. दुकानात या आठवड्यात काम फार आहे.

ताई


१४ नोव्हेंबर

बारक्या,

तुझ्या पत्राची वाट न पाहता लिहिते आहे.

काल सकाळी पाण्याच्या पिंपावर बर्फ धरला होता. चिमीला शाळेत पाठवलं नाही, मीही दुकानात निरोप दिला आणि शेगडी पेटवायला बसले. दहा काड्या मोडल्या. दांडी उभी आहे ना, हे किती वेळा पाहिलं ते सांगत नाही, हसशील. उभी म्हणजे उघडी, आडवी म्हणजे बंद, इतकं तर आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. तरी दर दोन मिनिटांनी उठून पाहत होते. खिडकी सताड उघडी ठेवली. म्हणजे शेगडी पेटलेली आणि आम्ही तिघं शाली गुंडाळून कुडकुडतोय. शेजारच्या शिवणवाल्या काकू खिडकीशी थांबून म्हणाल्या, ‘‘अगं, गल्ली गरम करतेस का?’’ मला हसू आलं नाही.

चार तास मी स्टूल टाकून तिच्यासमोर बसले. जेवणसुद्धा तिथेच बसून केलं. दुपारी जरा पाठ टेकली असेन. डोळा लागला नव्हता, नुसती पाठ टेकली होती. चिमीचा आवाज आला, ‘‘आई, मी ही फिरवू? आजोबा अशी फिरवायचे.’’

बघते तर ती स्टुलावर चढलेली, आणि हात दांडीवर.

मी तिला मारलं, बारक्या. खाडकन. आजवर कधी बोट लावलं नव्हतं. स्टुलावरून खालीच आली ती. रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली माझ्याकडे, कोण ही बाई, अशी. गालावर माझी बोटं उठली होती. मी काहीतरी ओरडत होते म्हणे. मला शब्द आठवत नाहीत.

अण्णा खाटेवरून उठून उभे राहिले होते, डावा हात भिंतीला लावून. मला वाटलं, आता माझ्यावर बरसतील. नातीसाठी त्यांचा जीव तुटतो. पण ते कितीतरी वेळ माझ्याकडेच बघत होते. मग म्हणाले, ‘‘बसवून टाक ती नवी.’’

‘‘काय?’’

‘‘खालची. त्याने पाठवलेली. फिटरला बोलाव.’’

दोन महिने नोटिशीला, तपासनिसाला, मला, कुणाला दाद न देणारा माणूस! कुणी पाठवली तेही त्यांना ठाऊक होतं. मी विचारलं, ‘‘अण्णा, असं एकदम?’’ तर म्हणाले, ‘‘एकदम नाही. तुझ्याकडे पाहिलं.’’ पुढे एकच अट घातली. जुनी शेगडी काढताना धुराड्याची नळी ते स्वतः उतरवणार. फिटरने तिला हात लावायचा नाही.

एका हाताने कशी उतरवणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

चिमी माझ्याशी बोलत नाही. काकूंकडे झोपायला गेली आहे.

ताई


२७ नोव्हेंबर

बारक्या,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं आहे. अण्णांनी सांगितलंय की लिहू नकोस. ‘‘त्याला आता सवय झालीय,’’ म्हणाले, ‘‘कशाला उकरतेस?’’ पण मी लिहिणार आहे. खाली बसून वाच.

फिटर मंगळवारी आला. बुटका, बडबड्या माणूस. आल्याआल्या जुन्या शेगडीभोवती फिरला, टिचक्या मारल्या, बॅटरी लावून आत डोकं घातलं. अण्णा नळी उतरवायला स्टुलावर चढले. एका हाताने पहिला जोड सैल केला, दुसऱ्याला हात पोचेना. तोल गेला. फिटरने धरलं म्हणून वाचले. ‘‘काका, तुम्ही बसा बरं. तुमचं तंगडं मोडलं तर ते मला बसवता येत नाही,’’ असं म्हणून त्याने त्यांना खाटेवर बसवलं आणि दोन मिनिटांत नळी खाली घेतली. अण्णा ‘‘थांब, थांब’’ म्हणत राहिले.

मग तो मला म्हणाला, ‘‘बाई, ही काढताय कशाला? एक सांधा गेलेला नाही. आतून बाहेरून बघितलं मी. वीस वर्षं हे काम करतोय, असं वेल्डिंग पाहिलं नाही. मी तसं लिहून देतो, नगरपालिका सूट देईल.’’

मी म्हटलं, ‘‘सांधा गेलेला आहे. आठ वर्षांपूर्वी तपासनिसाने लिहून दिलंय.’’

‘‘त्याने आत डोकं घातलं नसेल. किंवा कुणी सांगितलं, ते लिहिलं असेल.’’ मग नळी डोळ्यांपुढे धरून म्हणाला, ‘‘हे मात्र गमतीचं आहे. झडपेच्या पानाला भोक पाडलंय. अंगठा जाईल एवढं. हे मुळातलं नाही, नंतर पाडलेलं. कडा बघा. हल्लीच्या नव्या शेगड्यांत असतं तसं. बंद केली तरी धूर कोंडायला नको म्हणून.’’

अण्णा म्हणाले, ‘‘ते पान इकडे दे.’’

त्याने पान काढून दिलं. अण्णांनी ते गोधडीखाली घातलं आणि वर डावा हात ठेवून बसले. मूल खाऊ लपवतं ना, तसे.

मी फिटरला पैसे देऊन उद्या यायला सांगितलं. तो गेला. दार लावलं.

आता तो दिवस सांगते. तू कॉलेजात होतास, अण्णा शेडमध्ये. आईला चार दिवसांचा ताप, शेगडीच्या खोलीत झोपलेली. खिडक्यांच्या फटी आपण कागद लावून बंद केल्या होत्या. मला बाहेर जायचं होतं. वाण्याकडे जाते असं आईला सांगितलं, पण वाण्याकडे जायचं नव्हतं. चिमीच्या बाबाला भेटायला जायचं होतं, तेव्हा तो घरात कुणाला माहीत नव्हता. तास-दीड तास लागणार होता. तेवढ्यात जाळ विझला असता आणि आई गारठली असती. म्हणून मी दोन मोठी लाकडं घातली आणि ती बराच वेळ धुमसत राहावीत म्हणून दांडी आडवी केली. थोडी नाही, पूर्ण. आई म्हणाली, ‘‘लवकर ये गं.’’ मी ‘‘हो’’ म्हटलं.

दीड तासाचे तीन तास झाले.

मी परतले तेव्हा दारात माणसं होती. खिडक्या उघड्या होत्या आणि दांडी उभी होती. मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली, बारक्या. तपासनिसानेही उभीच पाहिली. मग मी मनाशी म्हणायला लागले, मी आडवी केलीच नव्हती. करणार होते, पण केली नाही. आईच्या शेजारी बसून मी हेच घोकत होते. तू अण्णांच्या अंगावर धावून गेलास, ‘‘तुमच्या हातांनी मारलंत तिला’’ म्हणालास, आणि अण्णा नुसतं ‘‘असेल’’ म्हणाले, तेव्हा मी तिथेच होते. पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होते. दोन आठवड्यांनी तू पिशवी भरलीस, तेव्हा पिशवीची चेन अडकली होती. ती मी लावून दिली.

मंगळवारी मी अण्णांना विचारलं, ‘‘भोक कधी पाडलंत?’’

‘‘बारक्या गेला त्याच दिवशी.’’

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं.’’

‘‘मी घरात शिरलो तेव्हा दांडी आडवी होती. आधी ती उभी केली. मग खिडक्या. मग लोकांना हाक मारली.’’ एवढं बोलायला त्यांना खूप वेळ लागला. झटक्यानंतर शब्द सुटे सुटे येतात. ‘‘तपासनिसाला मीच म्हटलं, सांधा बघ, कच्चा राहिला असेल. त्याला घाई होती. लिहून मोकळा झाला.’’

मी म्हटलं, ‘‘का? अण्णा, का? तुमचा धंदा बसला. पोरगा गेला.’’

‘‘तो चिडून गेला,’’ अण्णा म्हणाले. ‘‘चिडलेला माणूस कुठेही जाऊन उभा राहतो. तुला कळलं असतं ना, तर तू आईच्या शेजारून उठली नसतीस. दोघांतलं एक मला वाचवता येत होतं.’’

मी गोधडीकडे बघत होते.

मग म्हणाले, ‘‘आणि चूक माझीही होती. पूर्ण बंद होणारी झडप करायलाच नको होती. एवढंसं भोक. पाच मिनिटांचं काम.’’

गोधडीखालचा हात त्यांनी बाहेर काढला नाही. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांनी समजूत घातली नाही. ‘‘जा, चिमीला घेऊन ये,’’ म्हणाले, ‘‘पोर तिकडे किती दिवस राहणार?’’

दुसऱ्या दिवशी फिटरने पुन्हा विचारलं, जुनी ठेवायची का, तो लिहून द्यायला तयार आहे. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. निवड माझ्यावर सोडली होती. जुनीत काही दोष नाही, हे आता आम्हा दोघांना माहीत होतं. तिची जागा होती, अण्णांचं नाव होतं तिच्यात. मी नवी बसवायला सांगितली. जुनी शेगडी आपल्या घरात माणसाकडून चूक होणार नाही असं धरून चालायची. मला असं काही धरून चालता येत नाही. मी चूक करते.

जुनी विकलेली नाही. शेडमध्ये नेऊन ठेवली, कुलपाची किल्ली अण्णांकडे आहे.

मी क्षमा मागत नाही. ती मागायची म्हणजे तुझ्यावर आणखी एक ओझं. तू ज्याच्यावर आठ वर्षं रागावलास त्याने काही केलेलं नव्हतं, एवढं तुला कळायला हवं होतं. ते आठ वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

ताई


२० डिसेंबर

बारक्या,

तीन आठवडे तुझ्याकडून काही आलं नाही. पोस्टमन दारावरून पुढे गेला की मला सुटल्यासारखं वाटायचं आणि संध्याकाळी मी पुन्हा उंबऱ्यावर पत्र शोधायचे. अण्णांना मी पत्र टाकल्याचं सांगितलं होतं. दोन दिवस माझ्या हातचा चहा अर्धा ठेवत होते.

मग रविवारी सकाळी फोन वाजला. मी उचलला. तू ‘‘अण्णा आहेत का?’’ म्हणालास. आवाज ओळखायला मला वेळ लागला, जाड झालाय तुझा आवाज. मी ‘‘बारक्या’’ म्हटलं, तर तू पुन्हा तेच विचारलंस, ‘‘अण्णा आहेत का?’’ मी फोन त्यांच्या डाव्या हातात दिला आणि मोरीत जाऊन भांडी घासत बसले. नळ सोडला नाही, ऐकू यावं म्हणून. लपवून काय करायचंय आता.

पहिली पाच-सात मिनिटं अण्णा ऐकत होते. तू बोलत होतास की रडत होतास, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते नुसते ‘‘हं... हं’’ करत होते. शेवटी घसा खाकरून म्हणाले, ‘‘ते असू दे रे. मला एक सांग, तुमच्या शेगडीच्या दाराची पकड कुणी आखली? ढिली आहे. महिन्यात खिळखिळी होईल. आणि काचेला वरून हवा कमी पडते, म्हणून ती डाव्या कोपऱ्यात काळी होते. रोज पुसतोय मी.’’

बारक्या, झटका आल्यापासून हा माणूस न अडखळता सलग चार वाक्यं बोलला नव्हता. त्या दिवशी अर्धा तास बोलला. कागद मागवला, चिमीला पेन्सिल धरायला लावली आणि पकडीचं चित्र काढून घेतलं. फोन खांद्यात धरून तिला सांगत होते, ‘‘अजून वर, अजून, तिथे वाक दे.’’ मोठ्याने भांडतसुद्धा होते तुझ्याशी, तीन मिलिमीटरवरून. ते चित्र या पाकिटात घातलं आहे. रेषा चिमीच्या आहेत, तेवढं सांभाळून घे. ती आता माझ्याशी बोलते. गालाला हात लावायला गेले की अजून डोकं मागे घेते.

शेवटी अण्णा म्हणाले, ‘‘ताई इथेच आहे. देऊ?’’

मी हात पुसून दारात येऊन उभी होते.

तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. आणि म्हणाले, ‘‘बरं. मग पुढच्या रविवारी विचारतो.’’

रविवारी मी घरीच असते.

ताई